बिलच काढले नाही, तर थकबाकी कुठली? ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचे प्रकरण कसे उभे करायचे

साध्या ग्रामस्थाची घरपट्टी थकली की त्याचा दाखला अडवला जातो. त्याने रस्त्याकडेला ओटा वाढवला की त्याच्या दारात नोटीस येते. सरपंचाच्या किंवा सदस्याच्या घराशी मात्र हाच कारभार येऊन थांबतो. "यांना सूट" असे कुणी कागदावर लिहीत नाही. सूट मिळते ती कागद न करण्यातून. घरपट्टीचे बिल बजावले जात नाही, अतिक्रमणाच्या नोंदवहीत नाव चढत नाही, पंचनाम्याला कुणी फिरकत नाही. पुढे कुणी तक्रार केली की उत्तर ठरलेले असते: "आमच्या दप्तरी तशी नोंद नाही."

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये अपात्रतेची कारणे दिली आहेत आणि कलम १६ मध्ये ती ठरवण्याची पद्धत. अधिनियमाची भाषा स्पष्ट आहे. तरीही यातली बरीच प्रकरणे पडतात, कारण अर्जदार रागाने भरलेला अर्ज आणि रिकामी फाईल घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात पोचतो. क्रम उलटा हवा. जो कागद मुद्दाम केला गेला नाही तो आधी रीतसर करायला लावायचा आणि मगच अर्ज टाकायचा. पुढे जे लिहिले आहे ते याच क्रमाने आहे.

आधी दार ओळखा

एकाच कागदावर सगळ्या तक्रारी लिहून तो पाच कार्यालयांना पाठवला की पाचही कार्यालये तो एकमेकांकडे "उचित कार्यवाहीस्तव" ढकलतात. म्हणून तक्रार कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवा.

सदस्य पदावर राहण्यासच पात्र नाही असे म्हणणे असेल, तर कलम १४ व १६ आणि कार्यालय जिल्हाधिकाऱ्यांचे. थकबाकी, शासकीय जागेवरचे अतिक्रमण, ग्रामपंचायतीच्या कामात हितसंबंध, दोनपेक्षा जास्त अपत्ये ही कारणे यात येतात.

कामात गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, निधीचा गैरवापर असे म्हणणे असेल, तर कलम ३९. यात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि पदावरून काढण्याचा निर्णय विभागीय आयुक्त घेतात.

कुणी लाच मागितली असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहीत बसू नका, सापळा हातचा जाईल.

निवडणुकीतल्याच गैरप्रकारावर आक्षेप असेल, तर कलम १५ खाली निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे जावे लागते. निवडून येतेवेळीच अपात्रता होती हा मुद्दा मात्र कलम १६ खालीही घेता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते १५ दिवस गेले म्हणून हातपाय गाळून बसतात.

कलम १६ खाली "कोणतीही व्यक्ती" अर्ज करू शकते. पराभूत उमेदवारच असले पाहिजे किंवा त्याच प्रभागाचे मतदार असले पाहिजे अशी अट नाही. जिल्हाधिकारी स्वतःहूनही प्रकरण हाती घेऊ शकतात. सरपंच थेट जनतेतून निवडून आलेला असला तरी कलम १४ त्यालाही लागू आहे. "मला गावाने निवडले, सदस्यांनी नाही" हा बचाव इथे चालत नाही.

थकबाकी: कलम १४(१)(ह)

हे कलम वाचायला सर्वांत सोपे आणि सिद्ध करायला सर्वांत फसवे. ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कर अथवा फी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही, तर सदस्य अपात्र ठरतो. पण त्याला जोडून एक अट आहे: बिल रीतसर बजावलेले असले पाहिजे. सगळी गोम इथेच आहे. नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, त्यात सदस्याच्या नावापुढे पाच वर्षांची थकबाकी दिसत असली तरी बिल त्याच्या हातात पडल्याचा पुरावा नसेल, तर तीन महिने मोजायचे कुठून? नोंदवहीची प्रत जोडून "थकबाकीदार आहे" एवढेच सांगणारे अर्ज याच दगडाला ठेचकाळतात.

म्हणून पहिले पाऊल जिल्हाधिकाऱ्यांकडे नसून ग्रामपंचायत कार्यालयात टाकायचे. ग्रामसेवकाला (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी) लेखी अर्ज द्या: "सर्व मिळकतधारकांना, ग्रामपंचायत सदस्यांसह, चालू मागणी व थकबाकीची बिले नमुना ९ क मध्ये बजावावीत आणि बजावणीची पोच दप्तरी ठेवावी." "ग्रामपंचायत सदस्यांसह" या दोन शब्दांचे वजन अर्जात असलेच पाहिजे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील, तर तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या.

दुसरे पाऊल ग्रामसभेत. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल तिच्या आधी विषय लेखी द्या: थकबाकीदारांची यादी वाचून दाखवणे. यादीत सदस्यांची नावे आली की ती इतिवृत्तात जातात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी तितकी लागते, तेव्हा माणसे आधी जमवून ठेवा.

यानंतर दोनांपैकी एक गोष्ट घडते. सदस्य गुपचूप पैसे भरतो. तसे झाले तर गावाचा पैसा गावाच्या खात्यात आला, आणि मूळ हेतू तोच असायला हवा. किंवा बिल बजावले जाते आणि तो भरत नाही. मग बजावल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण होऊ द्या. अर्जाची घाई करू नका. ८५ व्या दिवशी केलेला अर्ज बरोबर असूनही फुकट जातो.

तिसरीही एक शक्यता असते, जुन्या तारखेची पावती. तक्रारीचा वास लागला की तीन महिन्यांच्या आतल्या तारखेची नमुना १० ची पावती अचानक उगवते. ती तपासायची रीत अशी. एकटी ती पावती मागू नका. त्याच पावती पुस्तकातील तिच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच पावत्यांच्या स्थळप्रती (पुस्तकातच राहणाऱ्या प्रती) मागा. पावती क्रमांक चढत जातात तशा तारखाही चढत गेल्या पाहिजेत. ४१ क्रमांकाची पावती जूनमधली, ४३ क्रमांकाची जूनमधली आणि मधली ४२ मार्चमधली, असे दिसले की पुढचे बोलणे सोपे होते. मग त्या तारखेचे नमुना ५ चे, म्हणजे सामान्य रोकडवहीचे, पान मागा. त्या दिवशीच्या जमेत ती रक्कम आहे का? शेवटी बँकेचे विवरणपत्र: रोकडवहीतील रक्कम बँकेत कधी जमा झाली? पावती मागच्या तारखेने फाडता येते, रोकडवहीत ओळ कोंबता येते, पण बँकेत गेल्या मार्चमध्ये पैसे भरता येत नाहीत.

आणखी दोन बारकावे. कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे अविभक्त हिंदू कुटुंबातील एकाने कर थकवला, तरी ती अपात्रता कुटुंबातील सर्वांना लागते. म्हणून घर वडिलांच्या नावावर आहे एवढ्याने सदस्य सुटत नाही. मात्र कुटुंब एकत्र असल्याचे तुम्हाला दाखवावे लागते. दुसरे, नामनिर्देशनासाठी ठरलेल्या दिवसाआधी थकबाकी भरलेली असेल, तर त्या जुन्या थकबाकीवर अपात्रता मागता येत नाही. ती काढून बसू नका.

अतिक्रमण: कलम १४(१)(ज-३)

शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलेली व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही आणि राहूही शकत नाही. अतिक्रमण काढण्याचा अधिकार कलम ५३ खाली ग्रामपंचायतीकडेच आहे. म्हणजे ज्याने भिंत हटवायची, भिंतही त्याचीच. अपात्रतेचे हे कारण ठेवण्यामागे हाच विचार आहे.

जागा कुणाची आहे हे पहिले ठरवा. शेजाऱ्याच्या खाजगी जागेत घुसलेले बांधकाम हा दिवाणी वाद झाला, तो या कलमात बसत नाही. स्वतःच्या जागेत विनापरवाना बांधलेला मजला म्हणजे अतिक्रमण नव्हे. तो गुन्हा वेगळा, त्याचा रस्ता वेगळा. गायरान, गावठाणातला रस्ता, नाला, शाळेचे मैदान, ग्रामपंचायतीच्या मालकीची मोकळी जागा, एवढेच इथे कामाचे.

त्यासाठी हे कागद गोळा करा:

- गायरान असेल तर सातबारा उतारा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि तो चालतो.
- गावठाणात मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिका आणि नकाशा.
- ग्रामपंचायतीकडून नमुना ८ (कर आकारणी नोंदवही), नमुना २३ (रस्त्यांची नोंदवही) आणि नमुना २४ (जमिनीची नोंदवही).
- तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही.

यात नमुना ८ नीट वाचा. त्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा वेगळा असतो. सरकारी जागेवरच्या घराला मालक म्हणून शासन किंवा ग्रामपंचायत आणि भोगवटादार म्हणून राहणारा, अशी नोंद पुष्कळ ठिकाणी असते. घरमालक सदस्य झाला की पुढच्या फेरआकारणीत मालकाच्या रकान्यात त्याचेच नाव येते. फेरआकारणी दर चार वर्षांनी होते, म्हणून चालू उतारा पुरत नाही. मागच्या दोन आकारण्यांचे उतारे घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. मालकाचे नाव कोणत्या ठरावाने, कोणत्या दस्तावर बदलले ते विचारा. घरपट्टी भरली म्हणून जागा आपली होत नाही, हेही अर्जात लिहा. "मी कर भरतो" हा बचाव हमखास येतो.

जागेवरचे मोजमाप तुम्ही स्वतः करू शकता. त्याचा उपयोग कशापुरता आहे एवढे ध्यानात ठेवा. समजा, नमुना २३ मध्ये रस्ता ६ मीटर रुंद लिहिला आहे. सदस्याच्या कुंपणापाशी, त्याच्या आधी २० मीटरवर आणि नंतर २० मीटरवर अशा तीन ठिकाणी फीत लावा. दोन्ही टोकांची ६ मीटर आणि मधली सव्वाचार भरली, तर हाताने नकाशा काढा, तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. फीत दिसेल आणि आकडा वाचता येईल असा फोटो घ्या. हा अंतिम पुरावा नव्हे. भूमी अभिलेख विभागाची मोजणी मागण्यासाठी हा आधार आहे. शासकीय जागेची मोजणी तुम्ही मालकासारखी परस्पर मागवू शकत नाही. ती ग्रामपंचायतीने, तहसीलदारांनी किंवा सुनावणीत जिल्हाधिकाऱ्यांनी मागवावी लागते. म्हणून मूळ अर्जातच तशी मागणी घाला. मोजणीच्या नकाशाशिवाय "अतिक्रमण आहे" हे शब्द वरच्या अपिलात टिकत नाहीत.

मोबाइलमधले फोटो जोडणार असाल, तर ते मूळ फोनमध्ये जसेच्या तसे ठेवा. व्हॉट्सअपवरून फिरवलेल्या प्रतीत फोटो काढल्याची मूळ माहिती राहत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, ते ठरलेल्या नमुन्यात जोडा. अर्ज दाखल झाल्याच्या दुसऱ्या रात्री जेसीबी येऊन ओटा गायब होतो, आणि मग "अतिक्रमण नाहीच" असा अहवाल येतो. त्यावेळी तारखेचे फोटो आणि आधीचे उतारे एवढेच हातात उरतात.

आता या कलमाचा सर्वांत वादाचा भाग: अतिक्रमण वडिलांनी किंवा सासऱ्याने केले, सदस्य फक्त त्या घरात राहतो. यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सागर पांडुरंग धुंडरे प्रकरणात असे म्हटले होते की ज्याने मूळ अतिक्रमण केले तोच अपात्र. २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका स्वीकारली नाही. अतिक्रमित जागेत राहणे आणि ती वापरत राहणे हेही अतिक्रमणच, असा अर्थ त्यांनी लावला. आज अर्ज जनाबाई निकालावर उभा राहतो. जुन्या अर्जाचा मसुदा कुणाकडून उतरवून घेत असाल, तर त्यात २०१७ चा निकाल राहिलेला नाही ना ते पाहा. समोरचा वकील तोच उचलून धरेल.

पण जनाबाई निकाल म्हणजे सदस्याच्या कोणत्याही नातेवाइकाचे अतिक्रमण त्याच्या माथी मारण्याची मुभा नव्हे. सदस्य त्याच घरात राहतो हे सिद्ध करणे तुमच्यावर आहे. त्यासाठी मतदारयादीतला घर क्रमांक, शिधापत्रिका, वीजबिल, नामनिर्देशनपत्रातला पत्ता हे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या सरपंच मनीषा रवींद्र पानपाटील यांचे प्रकरण या दृष्टीने प्रत्येक अर्जदाराने अभ्यासावे. सासूच्या अतिक्रमित घरात राहतात, असा आरोप ठेवून त्यांना अपात्र ठरवले गेले. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता रद्द केली, आणि निवडून आलेल्या महिलेला इतक्या सहज पदावरून दूर करण्याच्या वृत्तीवर कडक शब्दांत टीका केली.

ही टीका गांभीर्याने घ्या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. बाई सरपंच झाली, दलित किंवा आदिवासी सदस्य निवडून आला, की ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गायरान वापरले तेच लोक त्याच्या झोपडीवर बोट ठेवतात. म्हणून अर्ज लिहिण्याआधी एक काम करा. सर्व सदस्यांचे नमुना ८ आणि नमुना ९ चे उतारे एकत्र मागवा, आपल्या गटाच्या सदस्यांचेही. जिथे पुरावा सापडेल तिथे सगळ्यांवर अर्ज करा. तुमच्या बाजूचा सदस्य त्याच गल्लीत रस्त्यावर आलेला असेल आणि तुम्ही एकट्या सरपंच बाईंवर अर्ज केलात, तर सुनावणीत पहिला प्रश्न तुम्हालाच येईल.

कामात हितसंबंध: कलम १४(१)(ग)

ग्रामपंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा तिच्याशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असता कामा नये. गावात सर्रास चालते ते असे: काम पुतण्याच्या नावावर, ट्रॅक्टर सदस्याचा, सिमेंट मेव्हण्याच्या दुकानातले. नाते दाखवून भागत नाही. पैसा किंवा फायदा सदस्यापर्यंत पोचल्याचा धागा दाखवावा लागतो.

वित्त आयोगाच्या निधीतला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडून व्हाउचरची यादी काढा. कुणाला, कधी, किती दिले ते तिथे दिसते. मग त्यातल्या नेमक्या व्हाउचरचे कागद ग्रामपंचायतीकडे मागा: कामाचे अंदाजपत्रक, दरपत्रके, कार्यारंभ आदेश, मोजमाप वही, देयक, प्रमाणक. तीन दरपत्रकांवरचे हस्ताक्षर, पत्ते, फोन क्रमांक आणि तारखा ताडून पाहा. पुरवठादाराचा पत्ता आणि सदस्याच्या घराचा पत्ता एकच निघतो का? देयकावर लिहिलेल्या वाहन क्रमांकाचा मालक कोण? दुकानाचा परवाना कुणाच्या नावावर? एक धागा पक्का असला तर पुरे. दहा संशय मांडले की चांगला एक मुद्दाही त्यात बुडतो.

दोन अपत्यांची अट, शौचालयाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्राची मुदत, निवडणूक खर्चाचा हिशेब या बाबी बहुतांशी एकेका कागदावर ठरतात, म्हणून त्यांचा विस्तार इथे करत नाही. अपत्यांच्या बाबतीत १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या अपत्याचा जन्मदाखला हाच पुरावा. लहान मुलाचे नाव आणि दाखला गावभर फिरवू नका. तो फक्त फाईलला जोडा.

माहिती अधिकारात कागद मागताना

अर्ज साध्या कागदावर, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. थकबाकी आणि अतिक्रमण यांचे कागद एकाच अर्जात मागितले तर तेवढ्या कारणावर तो परत येऊ शकतो. प्रतींचा दर पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत पहिले अपील. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

शब्दरचना महत्त्वाची. "अमुक सदस्याची घराची व कराची माहिती द्या" असे लिहिले की वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलल्यापासून हे कारण आणखी सहज पुढे केले जाते. म्हणून माणसाची माहिती मागू नका, नोंदवहीची पाने मागा: "मिळकत क्रमांक अमुक ते अमुक, नमुना ९ ची सन अमुकची पाने, प्रमाणित प्रती." शेवटी एक ओळ घाला की सार्वजनिक कराची वसुली आणि सार्वजनिक जागेचे रक्षण हा व्यापक जनहिताचा विषय असल्याने कलम ८(२) लागू होते.

शक्य असेल तर आधी अभिलेखाची पाहणी मागा. दप्तर समोर ठेवून बसले की कोणत्या पानावर खाडाखोड आहे, कुठे शाई वेगळी आहे ते दिसते. मग नेमकी तीच पाने मागता येतात आणि दोनशे पानांचा खर्च वाचतो. प्रती घेताना प्रत्येक पानावर सही आणि शिक्का आहे का ते तिथेच पाहा. बिनसहीची झेरॉक्स सुनावणीत कागदच नसते.

अर्जाचा सांगाडा

जिल्हाधिकारी कार्यालयातील ग्रामपंचायत शाखेत अर्ज दाखल होतो. कोर्ट फी, प्रतींची संख्या आणि प्रतिज्ञापत्राचा नमुना आधी तिथल्या लिपिकाला विचारून घ्या. मसुदा असा धरा:

*"मा. जिल्हाधिकारी यांचे समोर. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम १६(२) अन्वये अर्ज.*

*१. जाबदेणार हे मौजे … ग्रामपंचायतीच्या प्रभाग क्र. … मधून दिनांक … रोजी निवडून आले असून सदस्य म्हणून कार्यरत आहेत.*

*२. जाबदेणार यांना मिळकत क्र. … च्या कराचे बिल दिनांक … रोजी बजावण्यात आले (निशाणी १). त्यानंतर तीन महिन्यांत, म्हणजे दिनांक … पर्यंत, त्यांनी रक्कम भरलेली नाही (निशाणी २, ३).*

*३. सबब ते कलम १४(१)(ह) अन्वये अपात्र झाले असून त्यांचे पद रिक्त झाल्याचे घोषित व्हावे."*

एका परिच्छेदात एक वस्तुस्थिती आणि तिच्यापुढे तिच्या कागदाचा निशाणी क्रमांक. ज्या वाक्यापुढे निशाणी लिहिता येत नाही ते वाक्य काढून टाका. कलमे दोन लागू होत असतील तर अर्जही दोन करा, म्हणजे एक पडला तरी दुसरा उभा राहतो. "भ्रष्ट", "गुंड", "गावाला लुटणारा" अशी विशेषणे नकोत. ती अर्जाचे वजन घटवतात, आणि अर्ज फेटाळला गेला तर समोरचा तीच घेऊन बदनामीचा दावा करतो.

सुनावणीत काय होते

कलम १६(२) प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी शक्य तोवर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय होईपर्यंत सदस्य पदावर राहतो आणि त्याला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी द्यावीच लागते. ही संधी त्याला नीट मिळाली पाहिजे यात तुमचाही स्वार्थ आहे. नोटीस न मिळता, अहवालाची प्रत न देता झालेला आदेश वर गेला की याच एका कारणाने मोडतो. उरणच्या नगराध्यक्षांच्या रवी यशवंत भोईर प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की निवडून आलेल्या प्रतिनिधीला पदावरून काढणे ही गंभीर बाब आहे आणि तिथे कार्यपद्धती काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे. म्हणून नोटीस बजावली नसेल तर ती बजावून घ्या, मगच पुढे चला.

जिल्हाधिकारी सहसा तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांचे अहवाल मागवतात. प्रकरण जिंकले जाते की हरले जाते ते इथे. स्थळपाहणीची तारीख लेखी मागा आणि त्या दिवशी हजर राहा. पंचनामा सदस्याच्या ओसरीवर चहा घेत लिहिला जात असेल, तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या. पंचनाम्यात चतुःसीमा, मिळकत क्रमांक, लांबी-रुंदी आणि "जागा कुणाच्या मालकीची" हे चार मुद्दे आले आहेत का ते पाहा. "जागेवर बांधकाम दिसून येते" एवढाच मोघम अहवाल दोन्ही बाजूंना वापरता येतो, म्हणून तो कुणाच्याच कामाचा नसतो. अहवालाची प्रत मागून घ्या आणि त्यावर लेखी म्हणणे द्या.

तारखा पडत राहतात. प्रत्येक तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशी काय झाले त्याची नोंद, पाहा. गैरहजेरीत अर्ज निकाली निघू शकतो. ६० दिवस उलटून बराच काळ काहीच हलले नाही, तर दोन स्मरणपत्रे देऊन उच्च न्यायालयात फक्त "ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा" एवढीच मागणी करणारी रिट याचिका करता येते. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची असते, आणि कागद जमवण्यातच चार-पाच महिने जातात. चौथ्या वर्षी जागे झालेल्या अर्जदाराचा निकाल पुढच्या निवडणुकीनंतर येतो.

आदेशानंतर

निर्णयाविरुद्ध कुणालाही १५ दिवसांत अपील करता येते. अधिनियमात अपील राज्य शासनाकडे आहे. प्रत्यक्षात ते विभागीय आयुक्त किंवा अपर आयुक्त ऐकतात. निर्णय तुमच्या विरोधात गेला तर त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज करा, कारण १५ दिवस डोळ्यांदेखत सरतात. तुमच्या बाजूने लागला तर आयुक्तांकडे लगेच लेखी कळवा की तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये, आणि उच्च न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे तशीच आगाऊ सूचना, दाखल करा. ते ९० दिवस चालते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसते. तिकडचे कॅव्हेट मुंबईला टाकून निश्चिंत होऊ नका.

अपील दाखल झाले एवढ्याने आदेश थांबत नाही, स्थगिती मिळालेली असावी लागते. "अपील केलंय" म्हणत अपात्र सरपंच खुर्चीवर बसून राहतो तेव्हा स्थगितीच्या आदेशाची प्रत मागा. ती नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत जोडून गटविकास अधिकारी, तहसीलदार आणि ग्रामपंचायतीचे खाते असलेली बँक या तिघांना पत्र द्या. सरपंचाची डिजिटल स्वाक्षरी ई-ग्रामस्वराजवर अजून चालू आहे का हे पत्रात आवर्जून विचारा, आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला व्हाउचरची यादी उघडून आदेशाच्या तारखेनंतरचे एखादे देयक निघाले आहे का ते पाहत राहा.